काटे

मासळीच्या कारखान्यात रेडिओ एकच.
प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, वरून खवल्यांनी चकाकणारा.
इसाफ्योर्दुरला नोव्हेंबरअखेर सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारी संपत आल्यावर उगवतो,
मग गावभर पॅनकेक तळतात.
तोवर आमचा उजेड म्हणजे टेबलाच्या काचेखालचा दिवा.
त्यावर कॉडचा तुकडा ठेवायचा, आरपार बघायचं,
काटा दिसला की चिमट्याने ओढायचा.

अठरा वर्षं मी हेच करते.
आणि याच टेबलाभोवती
गाण्यांचेही काटे निघतात.

ग्रझिना म्हणते, राडेक व्होल्स्की म्हणजे राजा.
ह्राप्नकेल फोर्कलिफ्टवरून उतरायचीही तसदी घेत नाही.
"राजा कसला? लग्नातला वाजंत्री!
एक कीबोर्ड, दोन चाली,
आणि दोन्हींना तोच ढोल."

झोंबल्या मिरच्या.
सुरा थांबत नाही, आवाज चढतो.
"ज्यावर लग्नात कुणी नाचलं नाही ते गाणं कसलं?
तुमचा तो पांढरी रात्र बँड,
दहा मिनिटं नुसता फ्रीज घुरघुरतो,
मग कुणीतरी उसासा टाकतं,
आणि तुम्ही म्हणता, अहाहा, काय खोली!"

मारिविक हातमोजे झटकते.
आवाज ऐकावा तर लूर्देस आमोरचा.
शेवटच्या कडव्यात ती सूर एक पायरी वर नेते
आणि इलोइलोतल्या घराचं दार
आतून कुणीतरी उघडतं.
"रडकं," ह्राप्नकेल म्हणतो.
"तुमचंही रडकंच," मारिविक म्हणते,
"फक्त तुम्ही विजेवर रडता."

मग पोटजाती निघतात.
ड्रीम-पॉप, पोस्ट-रॉक, डिस्को-पोलो, पॉवर-बॅलड,
कोण कुणाच्या पंगतीला बसणार,
कुणाचं पाणी कुणाला चालणार.
ग्रझिनाच्या मते पोस्ट-रॉक म्हणजे
रॉक मेल्यावरचं सुतक.
सगळा काथ्याकूट आमच्या भाषेत,
जी त्या दोघींनी इथेच, या पट्ट्याशेजारी उचलली.
विभक्त्या जमिनीवर पडतात, पाण्याबरोबर वाहून जातात.
शिव्या मात्र शुद्ध.

शेवटी पंच म्हणून मला विचारतात.
ओलोव्ह, तूच सांग, तू जुनी माणूस.

आता काय सांगू.
डावा कान यंत्राने केव्हाच खाल्ला,
उजवा अर्धाच उरलाय.
लूर्देसची ती पायरी माझ्यापर्यंत पोचत नाही,
उसासा तर नाहीच नाही.
येतो तो फक्त ढोल, जमिनीतून, बुटांच्या तळव्यातून,
आणि ढोलात व्होल्स्कीचा हात कुणी धरणार नाही.
हे मी कुणाला बोलले नाही.
"पाहू," म्हणते, आणि पुढचा तुकडा ओढते.

त्या मंगळवारी वादळाने तारा तोडल्या.
पट्टा थांबला. दिवे गेले, काचेखालचाही.
रेडिओ एका शब्दाच्या मधोमध मुका झाला.
एवढी शांतता की मलासुद्धा ऐकू आली.
बर्फाच्या पेट्यांतून पाणी ठिबकत होतं.
कुणी हललं नाही, हातात सुरे होते.

थोड्या वेळाने अंधारात फ्रीज घुरघुरायला लागला.

मी उजवा कान वळवला.
कारखान्यात वीज नव्हती.
आवाज ग्रझिनाच्या बाजूने येत होता,
खालच्या पट्टीत, न चुकता,
जिथे उसासा यायचा तिथे उसासाही आला.

दिवे लागले तेव्हा ती सुऱ्याची धार बघत होती.
मारिविकने तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे.
"काय?" ग्रझिना म्हणाली. "घसा साफ करत होते."

ह्राप्नकेलच्या तोंडाला कुलूप.
त्याने फोर्कलिफ्ट मागे घेतली.
मागे घेताना तो इशाऱ्याचा भोंगा वाजतो ना, टीं, टीं,
त्यावर त्याची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरत होती.
मला ऐकू आलं नाही, दिसलं.
दोन चाली.
दोन्हींना तोच ढोल.

मी चिमटा उचलला.